सफेद्याची कुंडी

सोमेकाच्या हातून बाची निसटली, तेव्हा खोलीतल्या तिघींनी ते पाहिलंच नाही असं दाखवलं. त्यावरूनच तिला कळलं, की हे पहिल्यांदा घडलेलं नाही याची त्या तिघींनाही पुरती कल्पना आहे.

शामिसेनच्या तारा छेडायची हस्तिदंताची ती रुंद पट्टी तातामीच्या चटईवर पडली तर फारसा आवाज होत नाही. पण सूर मध्येच तुटतो आणि नाचणारीचं पाऊल अधांतरी राहतं. नात्सुएचं पाऊल तसंच राहिलं. ती सोळा वर्षांची होती, लहानपणापासून याच घरात शिकत होती, आणि कालव्याकाठचा बर्फ वितळायच्या आत तिला गेइशांच्या पंक्तीत पहिल्यांदा आणायचं ठरलं होतं. त्या दिवशी तिला मानलेल्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे सोमेकाच्या, नावातला अर्धा भाग मिळायचा होता: सोमेयू. निळ्या अक्षरांत ते नाव छापलेले टॉवेल कपाटात येऊनही पडले होते.

"थंडी आहे," त्सुरुहा म्हणाली. घरातली ही धाकटी गेइशा सोमेकाची बाजू क्वचितच घेई. "माझीसुद्धा बोटं आखडतात."

"साके पिताना बरी आखडत नाहीत," तोरा-आई म्हणाली, आणि हसण्याच्या निमित्तानं सगळ्यांनाच हालचाल करता आली. तोरा ही घराची मालकीण. सगळ्यांना तिनंच वाढवलं होतं, म्हणून सगळ्या तिला आई म्हणत. आणि निइगाताच्या त्या गेइशांच्या वस्तीत तिचा शब्द दुसरी मालकीणही सहसा मोडत नसे.

सोमेकानं बाची उचलून पुन्हा वाजवायला सुरुवात केली. वाजवता वाजवता ती हाताकडे पाहत होती. थंडीनं आखडलेली बोटं शेगडीपाशी सैल होतात. तिची होत नव्हती. शिवाय ती आखडलेली नव्हतीच: मिटायला सांगितलं की मिटत, उघडायला सांगितलं की अर्ध्यावर थांबत. मनगट वर उचललं की क्षणभर राही आणि मग हळूच खाली झुके, एखाद्या कंटाळलेल्या पाहुण्याच्या मानेसारखं. ती एका रंगाऱ्याची मुलगी होती. कापडाचा रंग बिघडला तर नशिबाला बोल लावण्याआधी पाणी, भांडं आणि क्षार तपासायचे, हे तिनं शामिसेन हातात येण्याच्या कितीतरी आधी शिकून घेतलं होतं.

पुलापलीकडच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी मनगट पाहताच पहिला प्रश्न विचारला तो गेइशा चेहऱ्याला आणि मानेला लावतात त्या सफेद्याचा.

"तुमच्या घरात कोणता वापरतात? शिशाचा?"

"जस्ताचा. शिसं बाधतं म्हणून सगळ्या घरांनी मिळून तसा ठराव केला, तेव्हापासून."

"खात्री आहे?"

"डबे माझ्यासमोर येतात."

"मग शिशाचा प्रश्न मिटला," डॉक्टर म्हणाले. "नस दबली असावी. डोंगरातल्या गंधकाच्या झऱ्याचं पाणी मिळतं बाटल्यांतून. त्यात हात शेकून बघा. गुण येईलच असं नाही, पण अपाय नाही."

डॉक्टरांचा तर्क निर्दोष होता. त्यांना दिलेली माहिती तेवढी खोटी होती, आणि ती देणारीला ते ठाऊक नव्हतं.

पाणी आलं, आणि त्याच्याबरोबर नासक्या अंड्यांचा वासही घरात राहायला आला. म्हातारी मोलकरीण कुमेबाई नाकाला बाही लावून घंगाळ आणून ठेवी आणि दारातच उभी राही.

"या पाण्याला घरात जागा देऊ नये, सोमेका-सान. त्या डोंगराची देवी भारी जागृत. खोट्या चेहऱ्याची बाई तिला लांबून ओळखू येते. सफेदा लावून कुणी तिच्या गावात गेली, की देवी तिचं तोंड काळं करते."

"माझं तोंड नाही कुमेबाई, हात बुडवतेय मी."

"हसा, हसा. उगाच नाही आईंनी शरद ऋतूत तिथलं आमंत्रण परत पाठवलं."

ते खरं होतं. झऱ्याच्या गावात नवी खानावळ निघाली होती, मालक श्रीमंत होता, आणि तरीही तोरा-आईनं नकार कळवला होता. तिथं तिनं घरातली एकही मुलगी आजवर पाठवली नव्हती.

त्या संध्याकाळी सोमेका मैफलीहून परतली ती थकून, आणि चेहरा धुण्याआधीच तिनं हात घंगाळात सोडला. हाताच्या पाठीवर सफेद्याचा पातळ थर होता, नखांच्या कडांना आणि मनगटाच्या वळ्यांत जाड. पाणी गरम होतं. तिनं डोळे मिटले. उघडले तेव्हा हात तिचा वाटत नव्हता. वळ्यांत काळसर रेघा उमटल्या होत्या, नखांभोवती काजळ भरल्यासारखं दिसत होतं, आणि हाताच्या पाठीवर जळक्या भाताचा रंग चढला होता.

कुमेबाईच्या हातातला टॉवेल खाली पडला.  स्वयंपाकघरात जाऊन तिनं मीठ आणलं आणि अमंगळ टळावं म्हणून उंबरठ्यावर टाकलं.

सोमेका हात उजेडात धरून बराच वेळ बसली. वडिलांकडे रंग घ्यायला एक चित्रकार येत असे. शिशाच्या सफेद्यानं रंगवलेले पडदे तो गंधकाच्या झऱ्यांच्या गावी कधी नेत नसे; तिथल्या वाफेनं बगळ्याचे कावळे होतात, असं तो हसत सांगे. त्यात देवीचा काही संबंध नव्हता. शिसं आणि गंधक एकत्र आले की काळं होतं, लोखंड आणि सालीचा रस एकत्र आले की होतं तसंच.

एक प्रयोग पुरेसा नसतो, हेही वडिलांचंच. दुसऱ्या दिवशी तिनं चहाचे दोन पेले घेतले. एकात नव्या, न फोडलेल्या डब्यातला सफेदा कालवला, दुसऱ्यात घरच्या कुंडीतला. दोन्हींत सारखंच झऱ्याचं पाणी घातलं. पहिला पेला पांढराच राहिला. दुसरा तिच्या डोळ्यांदेखत आधी चहासारखा झाला आणि मग काजळीसारखा.

म्हणजे शिसं डब्यात नव्हतं. कुंडीत होतं.

ती कुंडी घराची प्रतिष्ठा होती. काळसर मातीची, कडेला टवका उडालेली. रोज सकाळी तोरा-आई मागच्या खोलीचं दार लावून घेई आणि दिवसभराचा सफेदा स्वतःच्या हातानं मळे. कुंडी पूर्ण रिकामी करायची नाही, तळाशी कालचा थोडा ठेवून त्यावर आजचा मळायचा, अशी रीत होती. तोरा-आईच्या आईपासून चालत आलेला घराचा पांढरा रंग त्यामुळे तुटत नाही, असं मानलं जाई. सोमेकाला आधी वाटलं, हे तळाचं जुनं शिसं असेल. मग तिनं रंगाच्या पिंपाचा विचार केला. रोज बरंचसं काढायचं आणि रोज नवं घालायचं, तर जुना रंग एका हंगामात नावालाही उरत नाही. ठराव होऊन तर कित्येक वर्षं झाली होती. म्हणजे कुणीतरी अजून घालत होतं. आणि कुंडीला हात लावणारं माणूस घरात एकच होतं.

तोरा-आई ओबींच्या, किमोनोवरच्या रुंद कंबरपट्ट्यांच्या, घड्या घालत बसली होती. सोमेकानं दोन्ही पेले तिच्यासमोर ठेवले आणि काय केलं ते सांगितलं.

"देवीच्या पाण्यात आपला सफेदा घातलास?" तोरा-आईनं विचारलं. तिचा आवाज खाली आला होता.

"देवीचा नाही आई, शिशाचा हा परिणाम आहे. तुम्ही कुंडीत जुना सफेदा घालता."

तोरा-आईनं घडी पुरी केली, तिच्यावरून तळवा फिरवला. नाकारण्याची तसदी तिनं घेतली नाही.

"नवा सफेदा आला तो पहिला महिना आठवतो तुला? त्सुरुहा हसली की गालावर भेगा. तू गायला लागलीस की हनुवटीवरून पोपडे. त्या फाटक्या तोंडाच्या मासळीवाल्यानं भर पुलावर विचारलं होतं, तोराबाई, पोरींना चुना कुठला लावता? चिमूटभर घालते मी. चिकटावा म्हणून. चिमूटभर."

"रोज."

"रोज चिमूटभर. आणि मी? जन्मभर याच हातांनी मळत आले." तिनं दोन्ही हात पुढे धरले. ते खरोखरच स्थिर होते, म्हाताऱ्या झाडाच्या फांद्यांसारखे. "बघ. काय झालं मला?"

एका माणसाला विष बाधलं नाही, तर तेवढ्यावरून एवढंच सिद्ध होतं की त्या माणसाला ते बाधलं नाही. ज्यांना बाधलं त्या हात दाखवायला येत नाहीत.

"याच घरातल्या रिकू-ताईला काय झालं होतं?" सोमेकानं विचारलं.

"रिकूला कोल्ह्याच्या भुतानं झपाटलं होतं. सगळ्या गावाला माहीत आहे."

"तिचे हात आधी असेच खाली पडत होते. तिची बाची मी उचलून देत असे."

 तोरा-आईनं पेले बाजूला सरकवले, आणि बोलली ती आईसारखीच बोलली. सोमेकाला ते ओरडण्याहून जड गेलं.

"हे बघ, सोमे. हे बाहेर गेलं तर या घराचं दार पुन्हा उघडणार नाही. मग या हातासकट तुला कोण ठेवून घेईल? मी ठेवीन. वाजवता आलं नाही तरी ठेवीन, मुलींना शिकव, माझ्यानंतर घरही सांभाळ. तेवढं तोंड बंद ठेव."

"नात्सुएला तरी नवा लावू द्या."

"तिच्या पहिल्या दिवशी? सगळं गाव तिची मान बघायला रस्त्यावर उभं राहणार, आणि तू तिला पोपडे सुटलेली पाठवणार? तिची थोरली बहीण तू आहेस. मानेवरच्या तीन रेघा तुझ्या हातच्या. सफेदा माझ्या हातचा. ठरलं ते ठरलं."

उरली नात्सुए. सोमेकानं तिला मागच्या व्हरांड्यात बसवून पेल्यांचा प्रयोग पुन्हा करून दाखवला, आणि शेवटी आपला हात पुढे धरून मनगट कसं पडतं तेही दाखवलं. मुलीनं लक्ष देऊन पाहिलं. काळा पेला नाकाशी नेऊन तोंड वाकडं केलं.

"कुमेबाईंचा चहा यापेक्षा फार वेगळा नसतो, ताई."

"मी थट्टा करत नाही."

"मला माहीत आहे." ती पायाच्या बोटांकडे पाहत राहिली. "मी सहा-सात वर्षांची असताना तुम्ही यानागी पुलावरून चालला होतात. बर्फ पडत होता. तुमची मान बर्फाहून पांढरी होती. मी तेव्हाच आजीला सांगितलं, मला त्या घरात पाठव. आता तुम्ही म्हणता, तो रंग नको."

"तो रंग लावूनच माझा हात गेला."

"तुमचा गेला. आईंचा नाही गेला. त्सुरुहा-ताईंचा नाही गेला." तिनं मान वर केली. "माझा जाईल हे कशावरून?"

प्रश्न वाजवी होता. जाईलच असं सोमेका म्हणू शकत नव्हती. जाण्याचा संभव आहे, एवढंच म्हणू शकत होती. आणि सोळा वर्षांच्या मुलीला संभव दाखवून काही सोडायला लावता येतं असा तिचा अनुभव नव्हता.

त्यानंतरचे दिवस तिनं वाईट घालवले. या घरातलं माणूस कशानं थांबतं, याचा ती विचार करत होती, आणि प्रत्येक वेळी तिला कुमेबाईचं उंबरठ्यावरचं मीठ आठवे. खानावळवाल्याच्या पैशाला नकार देणारी तोरा-आई आठवे. पेल्यानं न हललेली बाई देवीच्या नावानं मात्र आवाज खाली आणते, हे तिनं स्वतः पाहिलं होतं. तो रस्ता सोमेकाला किळसवाणा वाटे. आयुष्यभर ज्या गोष्टीला ती हसत आली होती तिचाच आधार घ्यायचा, तोही एका मुलीच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या सकाळी. पण दुसरा रस्ता तिला सापडला नाही, आणि ती सकाळ आली.

आरशासमोर नात्सुए पाठ उघडी टाकून बसली होती. केसांत नवे आकडे, गुडघ्यांवर हात, श्वाससुद्धा मोजून मापून. त्सुरुहा लाल गळपट्टी धरून उभी होती, कुमेबाई गारगोट्या घेऊन, तोरा-आई कुंडी मांडीवर घेऊन. सोमेकानं बाहीच्या आत मनगटाला बांबूची कामटी बांधली होती, हात पडू नये म्हणून. आधी मेण चोळून घेतलं, मग रुंद कुंचल्यानं सफेदा पसरला. केसांच्या कडेपाशी उघड्या कातडीच्या तीन निमुळत्या रेघा सोडायच्या होत्या. एरवी दोन, मोठ्या दिवशी तीन. कामटी मांसात रुतत होती. रेघा मात्र सरळ आल्या, तिन्ही सारख्या, टोकाशी सुईसारख्या.

"हात गेला म्हणत होतीस," तोरा-आई पुटपुटली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

शेवटी ओल्या स्पंजनं लेप टिपून घ्यायचा असतो. सोमेकानं स्पंज आपल्या वाडग्यात बुडवला. त्या पाण्याला वास होता, पण सोमेकाच्या आसपास त्या वासाची घराला सवय झाली होती. तिनं मानेवर वरपासून खालपर्यंत स्पंज दाबला, एकदा, मग पुन्हा.

आधी नुसती छाया पडल्यासारखं झालं. त्सुरुहानं दिव्याकडे पाहिलं. मग पांढऱ्यावर तपकिरी ठिपके उमटले, एकमेकांत मिसळले, आणि त्या तीन सुंदर रेघांभोवती मान काळवंडत गेली. नात्सुएनं दोन आरशांत ते पाहिलं. ती ओरडली नाही. तिचे गुडघ्यांवरचे हात तेवढे उलटे झाले, तळवे वर.

कुमेबाई बसली, आणि तिनं कपाळ जमिनीला टेकवलं.

"आली," ती म्हणाली. "घरात आली."

तोरा-आईच्या मांडीवरची कुंडी थरथरत होती. ज्या हातांना कधी काही झालं नव्हतं ते हात. "का?" तिनं विचारलं, कुणाला ते कळलं नाही. "माझ्या पोरीवर का?"

आता बोलायचं, किंवा कधीच नाही. 

"तिला जुना सफेदा चालत नाही," सोमेका म्हणाली. आयुष्यात ती पहिल्यांदाच देवीच्या वतीनं बोलत होती, आणि स्वतःचा आवाज तिला ओळखू आला नाही. "नव्याला तिची हरकत नाही. कुंडी घरात नको म्हणते ती."

तोरा-आईनं तिच्याकडे पाहिलं. ती नजर बराच वेळ हलली नाही. मग नजर सोमेकाच्या वाडग्याकडे वळली आणि परत सोमेकावर आली.

"त्या पाण्याला घरात कुणी आणलं?" ती सावकाश म्हणाली. "तूच तिला आमच्या दाराची वाट दाखवलीस. तिचा राग तुझ्यावर आहे, आणि भोगला माझ्या पोरीनं. ऊठ तिथून. त्सुरुहा, बस. धू ती मान. कुमे, नवा डबा फोड."

सोमेका उठली. त्सुरुहा तिच्या जागी बसली, तिच्याकडे न पाहता. नवा सफेदा लागला. त्सुरुहाच्या रेघा जरा जाड आल्या, तिसरी थोडी तिरकी. नावही बदललं. देवीच्या नजरेत आलेल्या बाईचं नाव कोवळ्या मुलीला कसं द्यायचं? दारात कुमेबाईनं शकुनासाठी तिच्या खांद्याशी गारगोट्या घासल्या, ठिणगी उडाली, आणि पुकारा झाला तो त्सुरुनो या नावाचा. रस्त्यावरच्या लोकांनी मान वाकडी करून पाहिलं. हसताना तिच्या ओठांच्या कोपऱ्याशी बारीक भेगा पडत होत्या. मासळीवाल्यासकट कुणीही काही म्हटलं नाही, निदान ऐकू जाईल असं नाही.

दुपारी कुमेबाई कुंडी फडक्यात गुंडाळून कालव्याकडे निघाली, तेव्हा सोमेकानं तिला अडवलं.

"पाण्यात नको."

"मग कुठं?"

कालव्याच्या पायऱ्यांवर बायका तांदूळ धुवायच्या. "देवी जमिनीत पुरा म्हणते," सोमेका म्हणाली. एकदा सुरू केल्यावर हे फारच सोपं जात होतं, आणि तेच तिला सगळ्यात जास्त खुपलं. "खोल. विहिरीपासून लांब."

सोमेकानं झऱ्याच्या गावी जावं असं तोरा-आईनं ठरवलं. देवीची समजूत घालायला, असं वस्तीत सांगण्यात आलं. खानावळीतल्या मुलींना गाणी शिकवायचं काम मिळण्यासारखं होतं; गळ्याला बाचीची गरज नसते. निघायच्या सकाळी ती गाठोडं बांधत असताना नात्सुए दारात येऊन उभी राहिली, मान साधी, चेहरा धुतलेला.

"स्पंजाला वास होता, ताई."

"हो."

"आईंना सांगितलं नाही मी."

"का?"

"सांगितलं असतं तर त्यांनी दुसरी कुंडी आणली असती." ती थांबली. "तुमचं खरं असेलही. पण माझ्या दिवशी का? दुसऱ्या कुणाच्या दिवशी करता आलं नसतं?"

"दुसऱ्या कुणाच्या दिवशी त्या कुंडी टाकायला तयार झाल्या नसत्या."

मुलीनं ते ऐकून घेतलं. तिचा राग उतरला नाही; तो आणखी आत गेला एवढंच. पुरलेली कुंडी जमिनीत होती, पण जुना सफेदा विकणारं दुकान पुलाशी जिथे होतं तिथेच होतं, आणि तोरा-आईला त्याची वाट माहीत होती. सोमेकानं गाठोड्यातून झऱ्याच्या पाण्याची उरलेली बाटली काढली. कुमेबाईनं सोमेयू छापलेले टॉवेल पुसणी करायला फाडून ठेवले होते. त्यातलाच एक तुकडा तिनं बाटलीभोवती गुंडाळला.

"अधूनमधून सफेद्यात एक थेंब. पेल्यात, मानेवर नाही. पांढरा राहिला तर फेकून दे."

"आणि काळा झाला तर?"

"तर तुझं तू ठरव."

नात्सुएनं टॉवेलवरचं नाव वाचलं. बूच हुंगलं, तोंड वाकडं केलं, आणि बाटली बाहीत घातली. मग परक्या घरातल्या थोरल्या गेइशेला करतात तसा पूर्ण, निर्दोष नमस्कार तिनं केला, आणि आत निघून गेली.

गाडीत बसल्यावर सोमेकानं उजवा हात गुडघ्यावर ठेवला आणि मनगट उचललं. ते राहिलं, झुकलं, पडलं. शिसं थांबल्यावर असा हात कधी परत येतो, कधी येत नाही, असं निघण्याआधी ती पुन्हा हात दाखवायला गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते. बाहेर डोंगर दिसायला लागला होता. तिनं पुन्हा मनगट उचललं.